हळदीकुंकवाच्या वहीत नसलेली माणसं

सिंधू,

परवा तुझ्या शोकसभेत मी फार छान बोलले. सगळे तसं म्हणाले. मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तर हात जोडून सांगितलं, "कुमुदताई, डोळ्यांत पाणी आणलंत." मी तुझ्या वर्गाबद्दल बोलले. सरकारनं शाळेला मराठीचा शिक्षक नाकारला तेव्हा रडत न बसता तू आपल्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकलीस आणि वस्तीतल्या पोरांना मराठी शिकवायला बसलीस, चार वर्षं, दिवाळीचे चार दिवस सोडले तर खाडा न करता. 'स्वावलंबन' हा शब्द मी तीनदा वापरला. तू असतीस तर तिसऱ्या वेळेला मोठ्यानं जांभई दिली असतीस.

बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त, सरकारनं नाकारलं ते कोणामुळे, हे मी सांगितलं नाही. तुलाही कधी सांगितलं नाही. तू मला चांगली बाई समजूनच गेलीस. तुला जाऊन अठरा दिवस झाले, आणि मला नेमकं तेच सहन होत नाहीये.

आपण हैदराबादेत जामबागच्या शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासूनची आपली भांडणं मला आठवतात. तू वर्गात हात वर करायची नाहीस, थेट उभी राहून बोलायचीस. मी हात वर करून बाई बोलवायची वाट बघायचे. पुढे मी बँकेत लागले, चिक्कडपल्लीत घर केलं, मंडळाची कार्यवाह झाले. तू चौतिसाव्या वर्षी एकटी पडलीस, वडिलांचं शिवणयंत्र घेऊन जामबागच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहिलीस आणि आबिड्सच्या दुकानांचे ब्लाउज शिवून मुलाला इंजिनियर केलंस. मी तुला दर वेळी म्हणायचे, अगं, काही लागलं तर सांग. तू म्हणायचीस, "हौ, सांगते की." सांगितलं मात्र कधीच नाहीस. मला त्याचा राग यायचा. मदत मागण्यात कसला आलाय कमीपणा, असं मी म्हणायचे, आणि तू म्हणायचीस की मागायला लागलं की देणाऱ्याच्या सोयीनं जगावं लागतं.

मग त्या अर्जाचं सुरू झालं. तुझ्या गल्लीमागच्या वस्तीतली पोरं ज्या सरकारी शाळेत जातात तिथे मराठी विषय सुरू करावा, शिक्षक द्यावा, असा अर्ज करायचं मंडळानं ठरवलं. कल्पना तुझीच होती, हे मी सभेत सांगितलं, तेवढा प्रामाणिकपणा केला. शिक्षण खात्याच्या कार्यालयातला साहेब म्हणाला, मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची यादी आणा, सह्यांसकट, मग बघू. मला यादी म्हटल्यावर आनंदच झाला. याद्या करण्यात माझी हयात गेली. शिवाय मंडळाकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाची वही होतीच, वर्षानुवर्षं जपलेली, नावं, पत्ते, फोन, सगळं टापटीप. मी ती समोर ठेवून तीन दिवसांत यादी उतरवून काढली.

तू माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती वाचलीस. चष्मा नाकावर ओढून, बोटानं एकेक ओळ लावत. मी कौतुकाची वाट बघत होते.

"कुमे," तू म्हणालीस, "यात माझं नाव कुठाय?"

मी म्हटलं, असेल की, बघ नीट. आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं.

"नाही नाही, तू शोध. काय की, माझा चष्मा बदलायला पाहिजे." तू हसत होतीस. मग हसणं थांबवून म्हणालीस, "देशपांडे मावशींचं पण नाही. कोपऱ्यावरच्या सुलूच्या आईचं नाही. नवरा मेला की बाई मराठी राहत नाही काय गं?"

मी वरमले. तुझं नाव लगेच शेवटी लिहिलं. पेन वेगळं होतं, त्यामुळे ते मागाहून घातलेलं कळत होतं. पन्नास वर्षांची मैत्रीण, आणि शहरातल्या मराठी माणसांच्या माझ्या यादीत ती नव्हती! मी म्हटलं, अगं, वहीच तशी आहे, त्यात माझा काय दोष. तू म्हणालीस, वही कोण लिहितं?

तू तिथेच थांबली नाहीस. तू म्हणालीस, जिच्यात शाळेतल्या एकाही पोराचा बाप नाही अशी यादी शाळेसाठी काय कामाची? या बायकांची नातवंडं सगळी इंग्रजी शाळेत. मी म्हटलं, वस्तीतली माणसं धड मराठी बोलतात तरी कुठे, निम्मं तेलुगू असतं. ती नांदेडकडून, लातूरकडून त्यांच्या आज्यांबरोबर आलेली माणसं, कोणी सेंटरिंगच्या कामावर, कोणी फळांच्या गाडीवर. तू म्हणालीस, "आणि तू काय बोलायलीस? सकाळपासून 'परेशान' चार वेळा म्हणालीस." मग तू उठलीस आणि सांगितलंस, मी घरोघर जाते.

आणि गेलीस. एप्रिल-मे, हैदराबादचा उन्हाळा, तुझे ते गुडघे. दुपारी माणसं घरी नसायची म्हणून सकाळी साडेसहाला आणि पुन्हा संध्याकाळी. मी एकदाही तुझ्याबरोबर आले नाही. माझी पाठ दुखत होती, पाहुणे होते, मंडळाची मीटिंग होती. खरं सांगायचं तर मला तिथे जायचंच नव्हतं. मला तिथे काय बोलावं ते सुचलं नसतं.

मेअखेरीस तू कागद आणून दिलेस, साडीच्या दुकानाच्या पिशवीत नीट इस्त्री केल्यासारखे घडी घातलेले. घामानं तुझं पोलकं पाठीला चिकटलं होतं, पण चेहरा असा की जणू शाळेत पहिला नंबर आलाय. कोणाच्या घरी काय खाल्लंस ते सांगत सुटलीस. लक्ष्मी म्हणून एक आहे, ती इडलीच्या पिठाचं दुकान चालवते, तिच्या माहेरून लग्नपत्रिका आली तर मुलीला वाचता येईना, म्हणून ती रडली, असं तू सांगितलंस. "आणि तिची सासू, साकूबाई, ती म्हणाली, बाई, आम्हाला कोणी पहिल्यांदा विचारलं तुम्ही कोण म्हणून."

तू गेल्यावर मी कागद उघडले. सह्या होत्या आणि अंगठे होते. आणि सह्या जवळजवळ सगळ्या तेलुगूत. अर्थातच तेलुगूत. ती माणसं तेलुगू शाळेत शिकली, दुसरं अक्षर त्यांना येणार कुठून? ते येत नाही म्हणूनच तर शिक्षक मागायचा होता. हे आज मला इतकं सरळ दिसतं. त्या दिवशी मला फक्त साहेबाचा चेहरा दिसला. मराठी माणसांची म्हणून यादी द्यायची आणि सह्या तेलुगूत, अंगठे, पत्त्याच्या जागी 'नाल्याच्या मागे'. तो हसेल. माझ्या टापटीप यादीलाही त्यामुळे बट्टा लागेल. मी बँकेत तीस वर्षं कागद तपासले, असला कागद आला की मी काय म्हणायचे ते मला माहीत होतं.

सगळं अध्यक्षांवर ढकलावं असं फार वाटतं गं. पण त्यांना तुझे कागद असल्याचं माहीतही नव्हतं. कार्यालयात जाताना ते गाडीत पुढे बसले होते, मी मागे, पिशवी माझ्या मांडीवर. आत गेल्यावर मी माझी यादी, मंडळात सह्या घेऊन पुरी केलेली, काढून दिली, आणि पिशवी पुन्हा मिटून खांद्याला लावली. एवढंच केलं. त्याला दोन सेकंदसुद्धा लागले नसतील.

पावसाळ्यात उत्तर आलं. शाळेच्या परिसरात मराठी कुटुंबं पुरेशी आढळत नाहीत, सबब विनंती मान्य करता येत नाही. परिसरात! माझ्या यादीतली माणसं सगळ्या शहरभर होती, फक्त त्या परिसरात नव्हती. तिथली होती ती माझ्या कपाटात.

तू ते पत्र माझ्याच घरी वाचलंस. दोनदा वाचलंस. मग विचारलंस, "माझे कागद दिले होतेस ना?"

"दिले होते की," मी म्हटलं.

मला वाटलं होतं तू भांडशील, कार्यालयात जाऊन उभी राहशील, शाळेत राहायचीस तशी. मी घाबरूनही होते, कारण तू गेली असतीस तर माझं पितळ उघडं पडलं असतं. पण तू खुर्चीत मागे टेकलीस. मग म्हणालीस, "एवढ्या सगळ्यांनी सह्या केल्या आणि तरी दिसत नाहीत त्यांना. मग नक्को. मागायचंच नक्को." पुढच्या सोमवारी तू शिवणयंत्र मागच्या खोलीत ढकललंस आणि पुढच्या खोलीत वर्ग सुरू केलास.

आता तूच सांग, मी कशाचं कौतुक केलं परवा?

त्यानंतरच्या चार वर्षांत आपण किती वाद घातले त्याची गणतीच नाही. मी म्हणायचे, वर्ग चांगला आहे, पण सरकारदरबारी आपला माणूस असल्याशिवाय काही टिकत नाही. सव्वा लाख भाषा बोलणाऱ्या देशात गप्प बसणाऱ्याला कोण विचारतो. तू म्हणायचीस, "सव्वा लाख कुठून आणलेस? आणि आपला म्हणजे कोणाचा गं?" तू म्हणायचीस, एकदा मोजायला सांगितलं, मोजून दिलं, त्यांनी फेकून दिलं, आता आम्ही आमचं बघतो. या एका मुद्द्यावर तू मला दर वेळी गप्प करायचीस. आणि माझी गप्प बसायची कारणं तुला माहीत नव्हती. तुझ्या बाजूला सगळ्यात बळकट पुरावा होता तो माझा खोटेपणा. मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं, मागायला हवं, हक्कानं मागायला हवं. पण ते तुझ्यापुढे मांडायचा अधिकार मी स्वतःच घालवून बसले होते.

वर कडी म्हणजे दोन वर्षांनी मलाच भाषिक अल्पसंख्याकांच्या सल्लागार समितीवर घेतलं. मराठी भाषकांची प्रतिनिधी! मंडळानं सत्कार केला. तू आलीस, मागे बसलीस, घरी केलेली करंजी डब्यातून आणलीस. "मुबारक, मेंबरसाब," म्हणालीस. नंतर प्रत्येक मीटिंग झाली की तुझा फोन यायचा आणि पहिला प्रश्न, "चहा कसा होता?" मी चिडायचे. चहा खरंच बरा असायचा. बाकी सांगण्यासारखं काही नसायचं. एकदा मीटिंगमध्ये एक सदस्य म्हणाले की मराठी लोक हैदराबादेत सुशिक्षित, सुस्थितीत आहेत, त्यांना कशाची गरज नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

सांगायच्या संधी आल्या नव्हत्या असं नाही. तुझ्या वर्गाला मी कधीमधी येऊन बसायचे. तू फळ्यावर लिहायचीस, पोरं एकमेकांत तेलुगूत भांडायची आणि तुझ्याशी मराठीत बोलायची. एकदा लक्ष्मीची धाकटी, स्वाती, तिनं गावाकडच्या आजीला पत्र लिहिलं आणि तू ते मला वाचायला दिलंस. चार ओळी होत्या. 'आजी मी मराठी लिहायलेय. तू वाच. नाही आलं तर मामाला सांग.' तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, आणि मी चष्मा पुसत बसले. तुला वाटलं मला भरून आलं. भरून आलं होतंच, पण कारण वेगळं होतं. ही एक मुलगी शिकली. हिची थोरली बहीण सुजाता अर्जाच्या वर्षी आठवीत होती, तिला शाळेतच मराठी मिळालं असतं. ती कामाला लागली, तुझ्या वर्गाच्या वेळी ती पिठाच्या दुकानात असते.

मग तो शेवटचा दवाखाना. दोन दिवस होतीस. तोंड वाकडं झालं होतं, बोलता येत नव्हतं, पण कळत होतं, डॉक्टर तसं म्हणाले. मुलगा बंगळूरहून निघाला होता. नर्सनं तेलुगूत विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, बहीण. मग ती बाहेर गेली आणि खोलीत आपण दोघीच उरलो. तुझा डावा हात माझ्या हातात होता. मी मनाशी ठरवलं, आता सांगायचं. वाकले, तुझ्या कानाशी तोंड नेलं. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस, आणि मी विचारलं, "पाणी हवंय का?"

मी स्वतःला सांगितलं की मरणाऱ्या माणसाला त्रास देऊ नये. पण तेही खरं कारण नव्हतं. तुझे ते डोळे माझ्याकडे जसे बघत होते तसे बदललेले मला बघायचे नव्हते. बाकी काही नाही.

शोकसभेला लक्ष्मी आली होती, साकूबाईंना घेऊन. दोघी दाराशी उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना बसा म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही, मी भाषणाच्या तयारीत. सभा संपल्यावर लक्ष्मी माझ्याकडे आली. "अम्मा, तुम्ही छान बोललात. आता बाई नाहीत. तुम्ही कमिटीत आहात, आता तरी शाळेत मास्तर येतील असं बघा. तेव्हा आम्ही सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या, तुम्हाला माहीत आहे ना?"

मी म्हटलं, उद्या घरी येते.

काल दुपारी मी वस्तीत गेले, आयुष्यात पहिल्यांदा. तुझ्या घरापासून पाच मिनिटं लागतात, सिंधू. पाच मिनिटं! लक्ष्मीनं दुकानातली खुर्ची दिली, साकूबाई उंबऱ्यात बसल्या. मी पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी सांगून टाकलं. कागद तुम्ही दिलेत, सिंधूनं आणलेत, मी साहेबाला दिलेच नाहीत. अजून माझ्या कपाटात आहेत.

पीठ वाटायचा ग्राइंडर चालू होता तो लक्ष्मीनं बंद केला.

"का?" साकूबाईंनी विचारलं.

"सह्या तेलुगूत होत्या म्हणून."

"मंग? आम्हाला तेच येतंय. तुम्हाला लाज वाटली व्हय आमची?"

"हो," मी म्हटलं.

त्यांना बहुधा इतक्या सरळ उत्तराची अपेक्षा नव्हती. म्हातारीनं तोंड फिरवलं. आतून सुजाता बाहेर आली होती, ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, ती आत निघून गेली. लक्ष्मीनं एकच विचारलं, "बाईंना माहीत होतं?" मी नाही म्हटलं. ती रडायला लागली. इतक्या दिवसांत मी तुझ्यासाठी रडले नव्हते तशी ती तुझ्यासाठी रडली. म्हणाली, बाई आम्हाला सांगायच्या, सरकारला तुम्ही दिसला नाहीत तरी मी तुम्हाला बघितलंय. "तुम्ही आम्हाला त्यांना दाखवलंच नव्हतं, अंतेना?" म्हणजे, एवढंच ना?

मी म्हटलं, मी कागद आणून देते, पुन्हा अर्ज करते, समितीत मांडते. ती डोळे पुसून म्हणाली, "जुने ठेवा तुमच्याकडे. त्यातली किती माणसं गेली, किती घरं उठली. आम्ही नवे करतो." वर्गही तिच्या घरी भरणार आहे, स्वातीच शिकवणार आहे लहान पोरांना, जेवढं तिला येतं तेवढं. मी विचारलं, मी शिकवायला येऊ का. ती म्हणाली, बघू. तिचा 'बघू' तुझ्या 'सांगते की'सारखाच होता.

अर्ज लक्ष्मी करणार आहे, तिच्या नावानं. तेलुगूत सही. मी म्हटलं, मंडळाचं पत्र जोडू? साकूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "नगं. तुमची सही नगं आम्हाला." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण तुम्ही यायचं. मागल्या बारीला आम्ही इथं नव्हतो असं त्यानं लिहिलंय. आम्ही होतो. हे साहेबासमोर तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं."

मी हो म्हणून आले.

सोमवारी साडेदहाला जायचंय. तिथला शिपाई मला ओळखतो, मेंबर म्हणून खुर्ची देतो. त्या खुर्चीत बसून सांगायचं की उभं राहून, एवढंही मला अजून ठरवता येत नाहीये. समितीचं सदस्यत्व बहुधा जाईल, जाऊ दे. भीती त्याची नाही. लक्ष्मी शेजारी उभी असेल आणि प्रत्येक शब्द ऐकत असेल, त्याची आहे. तू असतीस तर माझ्याबरोबर आली असतीस, माझ्यावर चिडलेली असतीस तरी आली असतीस. हे मला तू गेल्यावर कळलं असं नाही, तेव्हाही माहीत होतं. तरीही सांगितलं नाही.

साहेबाला मराठी येत नाही. जे तुला मराठीत सांगायला मला चार वर्षं जमलं नाही, ते सोमवारी मला तेलुगूत सांगायचंय.

तुझी,
कुमुद